डब्यांची रांग

१

डबा विकत घ्यायचा म्हणजे आधी त्याची नाडी बघायची, हा वैदीणचा नेम. दुकानात शिरली की ती पिशवी कोपराला अडकवायची, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढायची आणि हवाबंद डब्यांच्या मांडणीसमोर उभी राहायची, ती दुकानदाराचा जीव मेटाकुटीला येईपर्यंत. आधी डबा उलटा करून मुदत वाचायची. मग कडेवरून अंगठा फिरवायचा. पोटाला पोचा असेल तर एक वेळ चालेल, पण कडेला सांध्याजवळ पोचा असेल तर तो डबा फुकट दिला तरी नको. झाकण फुगलेलं असेल तर हातसुद्धा लावायचा नाही. गंजाचं तर नावच नको. एवढ्या सगळ्यातून पार पडला की पिशवीतून लोखंडी कांडी निघायची, झाकणावर टिंग करून एक ठोका पडायचा आणि वैदीण कान जवळ न्यायची.

"काय म्हणतोय पेशंट?" दुकानदार विचारायचा.

"हा ठणठणीत आहे. तो मागचा तेवढा तुझ्या सासऱ्यासाठी ठेव."

वैदीण हे काही तिचं खरं नाव नव्हे. उभी हयात तिनं डबाबंद खाण्याच्या कारखान्यात काढली, आणि तिथलं तिचं काम एकच, तयार डब्यावर ठोका मारायचा आणि ऐकायचं. आतली हवा नीट काढलेली असली की झाकण आत ओढलेलं राहतं आणि डबा टिंग वाजतो. कुठे केसाएवढी फट राहून हवा शिरली असली की आवाज भद्द येतो, मग तो डबा बाजूला. आत वाटाणे आहेत, मासे आहेत की पाकातली फळं, हेही ती नुसत्या आवाजावरून सांगायची. म्हणून कारखान्यातल्या बायांनी तिला वैदीण करून टाकलं आणि ते नाव जन्माला चिकटलं.

या महिन्यात मात्र तिच्या फेऱ्या वाढल्या होत्या, आणि त्याला कारण होती लेक. वैदीणचं घर नदीपलीकडे चढावर. वादळ झालं, पाण्याचा जोर वाढला की पूल बंद. मागच्या खेपेला तो बंद झाला तेव्हा हिनं चहा-बिस्किटांवर दिवस काढले आणि फोनवर "जेवले गं" म्हणत राहिली. लेकीला ते नंतर कळलं. मग काय विचारता, नुसता आगडोंब.

"आई, आता दोनच गोष्टी," लेक म्हणाली होती. "एक तर घरात दोन आठवडे पुरेल एवढं खाणं भरून ठेव, नाही तर मुकाट्यानं माझ्याकडे चल. महिनाअखेर मी स्वतः येऊन बघणार. तोंडी हिशोब नको."

लेकीकडे जायचं म्हणजे काय, ते वैदीणला ठाऊक होतं. नवरा गेल्यावर ती तिथे राहून आली होती. कुणी वाईट वागवलं नाही, उलट जपलंच. पण तिथे शेगडी पेटवायच्या आधी विचारावं लागायचं, आणि दुपारी सगळे कामावर गेले की परक्या खोलीत परक्या घड्याळाकडे बघत बसावं लागायचं. इथे निदान एकटेपणा तरी स्वतःच्या घरातला होता. हे घर सोडायचं नाही, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

म्हणून ती निवडून निवडून डबे घेत होती. मोठा डबा स्वस्त पडतो, पण एकट्या बाईनं तो फोडला की निम्मा नासतो. तेव्हा लहान घ्यायचे. सगळेच खारट नकोत, तहान लागते आणि वादळात नळाचा भरवसा नसतो. गॅस संपला तर थंडच खाता येतील असे थोडे हवेत. आणि मुख्य म्हणजे एरवी जे आवडीनं खातो तेच घ्यायचं. संकट आलं म्हणून जीभ काही बदलत नाही. वाटाणे, मका, टोमॅटो, सूप, मासे. पाकातले पेअर तिला मुळीच आवडायचे नाहीत, ते नवऱ्याचं खाणं. तरी हात सवयीनं तिकडे गेलाच. तिनं डबा परत ठेवला, दोन पावलं पुढे गेली आणि मागे येऊन घेतला.

२

स्वयंपाकघराला लागून एक अरुंद कोठी होती. खिडकी नाही, माथ्यावर एक दिवा, आणि समोरच्या भिंतीला नवऱ्यानं ठोकून बसवलेली मांडणी. मांडणी खोल म्हणजे हातभर खोल. वैदीणनं फळ्या पुसल्या, जुने डबे पुढे, नवे मागे, अशी शिस्तीत रांग लावली. रंगीत कागदांचे ते डबे खांद्याला खांदा लावून उभे राहिले आणि तिला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. आपल्या हातून काहीतरी पुरं झालं, असं वाटलं. कंबरेवर हात ठेवून ती बघत राहिली.

मग तिनं कांडी घेतली आणि पहिल्या डब्यावर दोन ठोके मारले. टिंग, टिंग.

हे दोन ठोके कारखान्यातले. तिथे डब्यांच्या रांगा लांबच लांब, आणि एका रांगेला दोन माणसं, एक या टोकाला, एक त्या टोकाला. यंत्रांच्या धडधडीत हाक ऐकू यायची नाही. म्हणून या टोकाच्या माणसानं दोन ठोके मारायचे, म्हणजे मी सुरू करतेय. पलीकडून एक ठोका आला की समजायचं, मीही लागलो. मग दोघं ठोकत ठोकत मध्यावर येणार, तिथे गाठ पडली की रांग पास आणि चहाची सुट्टी. वैदीणच्या पलीकडच्या टोकाला असायचा तिचा नवरा. तेव्हा नवरा नव्हता, नुसता एक उंच, लाजरा माणूस. मध्यावर गाठी पडता पडता लग्न झालं. या दोघांचं लग्न वाटाण्याच्या डब्यानं जमवलं, अशी कारखाना थट्टा करायचा.

तर तिनं दोन ठोके मारले, ते काही ठरवून नव्हे. हाताला सवय.

मांडणीच्या मागच्या बाजूनं एक ठोका आला.

वैदीण स्वतःशीच हसली. पत्रा आहे, गार पडला की आक्रसतो, वाजतो. जन्म गेला पत्र्यात आणि एवढं कळू नये? तिनं दिवा मालवला, दार ओढून घेतलं. पण चहा टाकताना तिच्या लक्षात आलं की आपण खुशीत आहोत. कुणीतरी ओ दिल्यासारखं वाटलं होतं.

३

पुढच्या आठवड्यात तिनं डबे तपासायला घेतले. पुढचे सगळे छान वाजले. मागच्या ओळीतल्या, भिंतीला चिकटलेल्या एका डब्यावर ठोका मारला आणि तिची कांडी थबकली. टिंगही नाही, भद्दही नाही. पोकळ, लांबलेला आवाज.

तिनं डबा उचलला तर हात झपकन वर आला. एवढ्या हलक्या डब्याची हाताला अपेक्षाच नव्हती. तिनं तो उजेडात नेला, चष्मा लावला, कड चाचपली. सांधा अखंड. झाकण आत ओढलेलं, जसं हवं तसं. सुईच्या अग्राएवढं भोक नाही. ओपनर लावून तिनं तो फोडला. आत काहीच नव्हतं. पाणी नाही, ओल नाही, वास नाही. पत्रा लख्ख चमकत होता, चाटून पुसून ठेवल्यासारखा.

"होतं असं," ती मोठ्यानं म्हणाली. एकट्या माणसाला मोठ्यानं बोलायची सवय लागतेच. "भरणीच्या यंत्राखालून एखादा कोरा सटकतो आणि पुढे झाकण बसतं."

होत असेलही. पण दुकानात तिनं याच कांडीनं, याच कानांनी तो डबा ऐकला होता. कोरा डबा तिच्या हातून पास व्हावा, हे तिला कारखान्यातल्या सगळ्या वर्षांत कधी झालेलं आठवेना. वय झालं म्हणायचं, दुसरं काय. हा विचार तिला त्या रिकाम्या डब्यापेक्षा जास्त बोचला.

दुकानदारानं डबा उलटापालटा करून बघितला.

"मावशी, तुम्हीच धुऊन आणलात की काय? एवढा स्वच्छ तर माझा डोळाही नाही."

"थट्टा नको. बदलून दे."

"देतो हो. आणि आता हा घ्या, काट्यावर ठेवूनच घ्या. म्हणजे उद्या माझ्या नावानं शंख नको."

त्यानं डबा वजनकाट्यावर ठेवून तिला दाखवला. भरलेला होता. तिनं ठोकलाही. वाटाणे, खाऱ्या पाण्यातले, काठोकाठ. घरी येऊन तिनं तो मागच्या ओळीतल्या त्याच जागी ठेवला आणि दोन दिवसांनी उचलला तेव्हा हात पुन्हा झपकन वर आला.

४

मग तिनं सगळीच मागची ओळ काढून बघितली. मका रिकामा. टोमॅटो रिकामे. मासे रिकामे. सगळे डबे बंद, सगळ्यांचे सांधे धड. पुढची ओळ मात्र शाबूत होती.

उंदीर? उंदीर काय ओपनर घेऊन येतात! चोर? चोरानं डबा नेला असता, आतलं खाऊन पत्रा जसाच्या तसा बंद करून कशाला ठेवला असता? मग राहिलं एकच, आपलं डोकं. वैदीण स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली आणि तिनं स्वतःची परीक्षा घेतली. लेकीचा वाढदिवस आठवला. कारखान्यातल्या सगळ्या मुकादमांची आडनावं आठवली. काल काय जेवलो ते आठवलं. डोकं जागेवर होतं. तिला त्याचं समाधान वाटायला हवं होतं, पण वाटली ती भीती. डोकं ठीक असेल तर मग हे काय आहे?

तेवढ्यात लेकीचा फोन आला.

"काय गं, भरतेयस ना कोठी?"

"भरतेय की. मांडणी भरलीय."

"आवाज असा का येतोय तुझा?"

"कसा?"

"घरात कुणी असलं की हळू बोलतो ना आपण, तसा."

"कोण असणार इथे?" वैदीण म्हणाली. "तू आपली काहीतरीच."

फोन ठेवल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण खरंच हळू बोलत होतो. सांगून टाकावं, असं तिच्या ओठावर आलं होतं. पण सांगायचं काय? बंद डब्यातलं खाणं जातंय म्हणून? लेक त्याच संध्याकाळी गाडी घेऊन आली असती, डॉक्टरकडे नेलं असतं आणि घराला कुलूप ठोकलं असतं. नाही, ब्र काढायचा नाही. ती पुन्हा कोठीत गेली आणि पुढच्या ओळीवर कांडी टेकली.

टिंग. टिंग.

आतून एक ठोका आला. या वेळी तिनं पत्र्याला दोष दिला नाही.

५

नवऱ्याची एक खोड होती. वैदीणचे दोन ठोके आले की तो एक ठोका उत्तराला द्यायचा आणि मग, फक्त तिच्यासाठी, नखानं आणखी एक हलकीच टिचकी मारायचा. एवढी हलकी की मुकादमाला काय, शेजारच्या रांगेलाही पत्ता लागायचा नाही. लग्नानंतरसुद्धा ती खोड गेली नाही. आंघोळीच्या दारावर, चहाच्या कपावर, आजारपणात पलंगाच्या कडेवर.

आता रोज दुपारी वैदीण कोठीत उभी राहायची, दोन ठोके मारायची आणि कानांत प्राण आणून त्या टिचकीची वाट बघायची. एक ठोका यायचा. स्वच्छ, बेताचा, जागच्या जागी. टिचकी कधीच यायची नाही.

"अहो, तुम्हीच आहात ना?" तिनं एकदा विचारलंही. तिला हसू आलं नाही. "तुमचे पेअर सगळे संपवलेत. मग सांगा ना तसं."

एक ठोका आला, आणि तो आधीपेक्षा जवळून आला.

तेव्हा तिला उमगलं. दोन ठोके म्हणजे मी या टोकानं सुरू करतेय, तू त्या टोकानं लाग. रांग लावून झाल्या दिवशी तिनं हौसेनं तो इशारा दिला होता आणि कुणीतरी तो घेतला होता. तेव्हापासून पलीकडून काम चालू होतं. शिस्तीत, एक डबाही न सोडता, मागून पुढे. आणि ती रोज नव्यानं इशारा देऊन बोलावत होती. आता मधली ओळही हलकी लागत होती.

बाहेर वादळाच्या बातम्या सुरू झाल्या होत्या. ती दुकानात धावली, तर मांडणी ओस.

"लोक तुटून पडलेत, मावशी," दुकानदार म्हणाला. "आता नवा माल पूल उघडेल तेव्हा. तुम्हाला काय चिंता? तुम्ही तर महिनाभर नेताय. घरात पलटण उतरलीय का?"

"हो ना," वैदीण म्हणाली, आणि रिकामी पिशवी घेऊन परत फिरली. उद्या लेक येणार होती.

६

दुपारच्या उजेडात, कोठीचं दार सताड उघडं टाकून, तिनं मधल्या ओळीतले दोन डबे बाजूला केले. एकदा बघायचंच, असं तिनं ठरवलं होतं. भिंत दिसेल, भिंतीला ओल आलेली असेल, काहीतरी साधंच निघेल आणि आपण आपल्यालाच चार शिव्या घालू.

भिंत नव्हती.

हातभर खोल मांडणीत डब्यांची रांग पुढे जातच होती. पुढे आणि आणखी पुढे, कारखान्यातली जायची तशी, दोन्ही अंगांना सारख्या अंतरावर डबे. त्या फटीतून गार हवा तिच्या तोंडावर आली. आत उजेड फार नव्हता, पण होता. आणि खूप लांब नव्हे, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर कुणीतरी वाकलं होतं. आधी तिला वाटलं, डब्याला कान लावून ऐकतंय. ती स्वतः जन्मभर तशीच वाकत आली होती. मग तिला त्याचा गळा दिसला. गिळताना हलतो तसा तो हलत होता, सावकाश आणि मन लावून. कान नव्हता लावलेला, तोंड लावलं होतं.

ते डोकं वर व्हायला लागलं आणि वैदीणनं दोन्ही डबे धाडकन जागेवर ढकलले आणि बाहेर येऊन कोठीचं दार लावून घेतलं.

ती दाराला पाठ लावून किती वेळ उभी होती, कुणास ठाऊक. पळावं, असं वाटलं. पण कुठे पळणार? पळून जायची एकच जागा होती, लेकीचं घर, आणि तिथून परत यायला मिळालं नसतं. नवऱ्याचं हे घर, ही खुर्ची, ही खिडकी, सगळं सुटलं असतं. आणि आणखी एक गोष्ट होती. ती तिनं कुणापाशी कबूल केली नसती, पण स्वतःपाशी काय लपवायचं? गेले काही दिवस कुणीतरी तिच्या ठोक्याला उत्तर देत होतं. तिला त्याची सवय झाली होती.

"हे बघा," ती दाराकडे न वळताच म्हणाली. "तुम्ही ते नाही आहात, हे मला कळलंय. जे कोण असाल ते असा. उद्या माझी लेक येतेय. डबे रिकामे सापडले तर ती मला घेऊन जाईल. घर बंद होईल. मग तुम्हाला तरी कोण डबे आणून देणार, आणि कोण बोलावणार?" तिचा आवाज फुटला. "माझी एवढी लाज राखा."

मग दारापलीकडून, अगदी तिच्या पाठीमागून, एक ठोका आला.

७

सकाळी डबे जड होते.

झाडून सगळे, मागचे, मधले, पुढचे. सांधे जसेच्या तसे. वैदीणचे डोळे भरून आले, क्षणभर तिला हात जोडावेसे वाटले. मग तिनं कांडी घेऊन एका डब्यावर ठोका मारला. तो आवाज तिनं जन्मात ऐकला नव्हता. उघड्या मांडीवर थाप मारावी तसा तो मऊ आणि दबका होता. कागदावर वाटाण्यांचं चित्र होतं. आत वाटाणे नव्हते, मका नव्हता, मासे नव्हते. तिनं दुसरा ठोकला, तिसरा ठोकला. सगळ्यांचा आवाज एकच. तिनं तळवा टेकवला तर पत्रा कोमट होता.

घर नको, काही नको, लेकीबरोबर जायचं, असं तिनं त्या क्षणी ठरवलं.

लेक आली ती वाऱ्यानं विस्कटलेली, घाईत. चप्पल काढता काढता कोठीत शिरली, डबे उचलून बघितले, मुदती वाचल्या आणि आईच्या गळ्यातच पडली.

"मला वाटलं नव्हतं हं आई. मला वाटलं, चार डबे दाखवून माझी बोळवण करशील. मी उगाच तुझ्या मागे लागले होते." तिनं एक डबा गालाला लावला. "पण हे कोमट का?"

"शेगडीची भिंत आहे ना पलीकडे," वैदीण म्हणाली. मग म्हणाली, "मी काय म्हणते, मी येऊ का तुझ्याबरोबर? चार दिवस? बरं वाटेल जरा."

लेकीच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते क्षणात पुसलं गेलं, पण आईला ते दिसायचं राहत नाही. जन्मभराची दमणूक होती त्यात.

"आज? अगं, घरी सासूबाई आल्यात, त्यांच्या पायाचं ऑपरेशन झालंय. तू इथेच राहणार म्हणत होतीस, म्हणून त्यांना तुझी खोली दिली. पुढच्या महिन्यात ये ना, चांगली राहायलाच ये. तुला न्यायचंच झालं असतं तर मी कसं करणार होते, याचीच मला रात्रंदिवस काळजी होती. आता सुटले बघ. इथे तुझं सगळं आहे."

"हो हो, मी आपलं सहज म्हटलं," वैदीण म्हणाली. "जा तू. पूल बंद होईल."

ती फाटकापर्यंत पोचवायला गेली. गाडी वळणाआड होईपर्यंत तिनं हात हलवला. लेकीनं एकदाच मागे बघितलं, आणि ती हसत होती. इतकी निश्चिंत ती कितीतरी दिवसांत दिसली नव्हती.

८

त्याच संध्याकाळी पूल बंद झाला. लेकीचा फोन आला, आपण सुखरूप पोचलो, पाणी पुलावरून वाहतंय, काही दिवस तरी उतरायचं नाही, पण तुझ्याकडे सगळं आहे म्हणून मला घोर नाही. मग तारा तुटल्या आणि फोनही गेला.

वैदीणनं कोठीच्या दाराला खुर्ची लावली. पाव होता तोवर पाव खाल्ला. दूध होतं तोवर चहा घेतला. शेवटचा बटाटा उकडून मिठाबरोबर खाल्ला. पाऊस थांबत नव्हता, रस्त्यावर माणूस नव्हतं. कोठीतून ठोका आला नाही, काहीच आलं नाही, आणि तिला त्या शांततेचीच जास्त भीती वाटायला लागली. मग एका दुपारी तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. ओट्याला धरून ती उभी राहिली आणि स्वतःला म्हणाली, "वेडे, घरात खाणं असताना मरणार आहेस का?"

तिनं खुर्ची सरकवली, आत न बघता हात घालून हाताला लागला तो डबा काढला आणि टेबलावर आणून फोडला. आतून वाफ आली.

आत वाटाणा एकही अख्खा नव्हता. सगळं मऊ, बारीक, एकजीव झालेलं, दात नसलेल्या लेकराला भरवायच्या आधी आई स्वतःच्या तोंडात मऊ करून देते तसं. वास वाईट नव्हता. तेच तर भयंकर होतं, वास चांगला होता. तिच्या पोटातून कळ उठली.

वैदीण डब्यासमोर बसून राहिली. तिला सगळं कळलं होतं. तिनं लाज राखायला सांगितलं होतं आणि त्यानं जे घेतलं होतं ते परत दिलं होतं, त्याला जसं देता येत होतं तसं. मान वर न करताही तिला समजलं की कोठीचं दार आता पुरतं उघडं आहे आणि दारात उंच काहीतरी उभं आहे. ते पुढे येत नव्हतं. पान वाढून बाजूला उभं राहिलेलं माणूस पहिला घास पोटात जाईपर्यंत जसं गप्प असतं, तसं ते गप्प होतं.

नवरा गेल्यापासून तिला कुणी वाढलं नव्हतं.

तिनं चमचा बुडवला, डोळे मिटून तोंडात घातला आणि गिळला. मीठ बेताचं होतं.

"छान झालंय," ती दाराकडे न बघता म्हणाली. मग उठली, समोरच्या खुर्चीवर कधीपासून साठलेले वाळलेले कपडे उचलले आणि ती खुर्ची मोकळी करून दिली.